वहिनींचा लाल एल

माझे थोरले भाऊ व्यंकट यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सहा महिने ट्रॅक्टरवर बसायचं नाही म्हणून सांगितलं. मी निलंग्यात शाळेवर नोकरीला, सुट्टीलाच गावाकडं येणारा. तेव्हा तारामती वहिनी म्हणाल्या, "मी शिकते की."

मला हसू आलं. तोवर त्यांनी सायकलसुद्धा चालवली नव्हती.

त्यांनी स्कूटी आणि ट्रॅक्टर, दोन्हीचं लर्निंग लायसन काढलं. मग तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पांढरा रंगवला आणि त्यावर लाल एल काढला. स्कूटीला दोन पाट्या, ट्रॅक्टरला दोन, पुढून एक नि मागून एक.

पहिल्याच आठवड्यात शेजारच्या रुक्मिणबाई म्हणाल्या, "तारा, मला स्टँडपोतर सोड."

"न्हाई काकी. शिकाऊ माणसाच्या मागं शिकवणाराच बसतो, दुसरं कुणी न्हाई," म्हणत वहिनींनी स्कूटी दारात लावली आणि काकींची पिशवी घेऊन त्यांच्यासोबत स्टँडपर्यंत चालत गेल्या. गावात त्याची लई चर्चा झाली.

ट्रॅक्टर शिकवायला मी रविवारी मडगार्डवर बसायचो. खरं सांगतो, पारावरची माणसं बघायची तेव्हा मला ती लाल पाटी नकोशी वाटायची.

नोव्हेंबरात ट्रॉलीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. रिकामी ट्रॉली वेल्डिंगला निलंग्याला न्यायची होती. निघताना वहिनी खाली उतरल्या, मागं गेल्या आणि पान्यानं ट्रॅक्टरची मागची पाटी सोडवू लागल्या.

"हे काय करायलात?"

"ट्रॉलीमुळं पाटी झाकली की भाऊजी. मागच्याला कशी दिसंल?"

"कोण बघतंय, वहिनी!"

"मागचा बघंल," त्या म्हणाल्या आणि पाटी ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याला तारेनं बांधली.

पुलाच्या चढावर गिअर बदलताना ट्रॅक्टर बंद पडला. ट्रॉली दोन-तीन हात मागं घसरली. मी वळून बघितलं, तर मागं उसानं भरलेला ट्रक होता. वहिनींनी ब्रेक दाबून धरला. ट्रॅक्टर न्यूट्रलला आणून चालू केला, पहिला गिअर टाकला आणि हळूहळू क्लच सोडत चढ पार केला.

पुढं सपाट रस्त्यावर आम्ही ट्रॅक्टर बाजूला घेतला, तसा ट्रकवालाही थांबला. गुरुबसप्पा त्याचं नाव, कर्नाटकच्या सीमेपलीकडचा. "अक्का, पाटी दिसली म्हणून मी लांब ऱ्हायलो. न्हाईतर चढाला आमी चिकटूनच चालवतो," तो म्हणाला.

वहिनींनी मागं जाऊन पाटीची तार तेवढी घट्ट केली. मी मात्र मडगार्डवर जरा ताठ बसलो. त्या दिवसानंतर पारापुढून जाताना मी कधी खाली मान घातली नाही.

जानेवारीत लातूरला पक्क्या लायसनची परीक्षा झाली. तिथल्या साहेबांनी ट्रॅक्टर दोन खांबांच्या मधून मागं घ्यायला लावला. मला दोनदा तरी पुढं-मागं करावं लागलं असतं. वहिनींनी एकाच दमात घेतला.

"हे कधी शिकलात? मी तर न्हाई शिकवलं," मी बाहेर आल्यावर विचारलं.

"आपल्याच रानात. तुमी जेवून झाडाखाली झोपायचात तवा," त्या म्हणाल्या आणि रसवंतीकडं चालू लागल्या.