तारांखालचा तुकडा

मिस्त्रींनी स्टीलची कांडी तारांवर दाबली आणि गिटार किंचाळली.

“दाबू नका हो. नुसती टेकवा,” बाई हसत म्हणाल्या.

बाई गिटार शिकवायच्या. त्यांनी बिनहातांची खुर्ची करायला दिली होती, ती पोचवायला मिस्त्री आले होते. बसल्यावर मांड्या अगदी सपाट राहिल्या पाहिजेत म्हणून बाईंनी तीनदा माप बदलायला लावलं, तेव्हा मिस्त्रींनी मनातल्या मनात कपाळाला हात लावला होता. आज खुर्चीत बसून बाईंनी गिटार मांडीवर आडवी ठेवली, तेव्हा कुठे मिस्त्रींच्या डोक्यात प्रकाश पडला. इथे बोटांनी तार दाबायचीच नव्हती, कांडी वरून फिरवायची होती. “मी बघू का जरा?” असं पन्नाशी उलटलेला हा माणूस विचारून बसला आणि स्वतःच ओशाळला.

रंध्याचा शेवटचा हात मारताना मनगट सैल सोडावं लागतं, तसं त्यांनी सोडलं. कांडी टेकली, सरकली, आणि एक सूर निघून लांबवर गेला. मिस्त्रींचे डोळे चक्क भरून आले. हा आवाज त्यांनी पूर्वी एकदा ऐकला होता. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी ते लवकर घरी आले होते आणि जिन्यात, चपला हातात घेऊन, तो संपेपर्यंत उभे राहिले होते. खाली कुणाकडे तरी रेडिओ लागला असेल, असं त्यांना वाटलं होतं. नंतर कितीदा तरी त्यांनी त्या आवाजासाठी रेडिओचा कान पिळला, पण तो काही पुन्हा लागला नाही.

दुकानात डिंक लावून ठेवलेलं टेबल वाट बघत होतं. मिस्त्री काही उठेनात.

“शिकायला आलो तर चालेल का?”

“चालेल की. हात हलका आहे तुमचा.”

“पण बाई, तारा एवढ्या वर का? बोटानं दाबायचं म्हटलं तर रक्त निघेल.”

“मुद्दाम वर घेतल्यात. हा लोखंडी तुकडा दिसतोय ना, त्यानं उचलल्यात. हा काढला तर कांडी लाकडावर आपटेल. मग कसलं वाजवताय!”

मिस्त्रींच्या हातातली कांडी तिथेच थांबली. अगदी असाच एक तुकडा त्यांच्या खिळ्यांच्या डब्यात पडून होता.

जिन्यात तो आवाज ऐकला त्याच वर्षी सासरे कायमचे त्यांच्याकडे राहायला आले होते. येताना एक पत्र्याची पेटी आणि एक गिटार, एवढाच संसार. गिटार कपाटावर असायची, दुपारी घरात कुणी नसताना खाली यायची. मिस्त्रींनी तिला वाजताना कधी पाहिलं नव्हतं. बायको वडलांना घेऊन आठ दिवस बहिणीकडे गेली, तेव्हा यांनी सहज गिटार खाली काढली. तारा बोटभर उंच! कुण्या अडाण्यानं वाट लावलीय, असं म्हणून त्यांनी तो तुकडा काढला, तारा खाली बसवल्या, लाकडाला पॉलिश केलं. सासरे आल्यावर दोन्ही हातांनी गिटार त्यांच्यापुढे धरली. सासऱ्यांनी एकदा तारांकडे पाहिलं, एकदा जावयाकडे. बायको काहीतरी बोलणार होती, तर तिला त्यांनी चहा टाकायला पाठवलं. “छान झालीय हो,” म्हणाले. त्यानंतर गिटार कपाटावरून खाली आली नाही. बोटं दुखतात, असं ते सांगायचे.

घरी येऊन मिस्त्रींनी डबा जमिनीवर उपडा केला. तुकडा सापडला. गिटार पुसून त्यांनी तारा सैल केल्या, तुकडा जागेवर बसवला आणि सासऱ्यांपुढे जाऊन उभे राहिले. सासरे आरामखुर्चीत होते. तीही मिस्त्रींनीच केलेली, चांगल्या रुंद हातांची. त्या हातांच्या मध्ये गिटार मावेना, तेव्हा त्यांना कॉटच्या कडेला बसवावं लागलं.

पेटीतून कांडी निघाली. सासऱ्यांनी ती तारेवर धरली. हात थरथरत होता, आणि तारेवर नुसती खडखड झाली. दोनदा प्रयत्न करून त्यांनी कांडी खाली ठेवली.

“बाबा, तेव्हाच दोन शिव्या घालायच्यात ना मला. माझं चुकलं. मला खरंच माहीत नव्हतं.”

“माहीत नव्हतं?” सासऱ्यांनी मान वर केली. “अहो, मला वाटलं, तुम्हाला आवाजाचा त्रास होतोय.”

“त्रास?”

“तुम्ही एकदा जिन्यात थांबला होतात. चपला हातात घेऊन उभे असलेले मी खिडकीतून बघितलं, म्हणून वाजवणं थांबवलं. वर येऊन तुम्ही विचारलंत, रेडिओ कुणी लावला होता हो? मी म्हटलं, जावई भला माणूस आहे, तोंडावर बोलत नाही. मग तो तुकडाच काढून ठेवलात. समजायचं ते समजलो.”

मिस्त्री कॉटवर त्यांच्या शेजारी बसले. म्हणाले,

“ऐकायला थांबलो होतो, बाबा.”

आत बायकोच्या हातातली भांडी वाजायची थांबली होती. मग सासऱ्यांनी गिटार उचलून जावयाच्या मांडीवर सरकवली.

“धरा.”

मिस्त्रींनी कांडी टेकवली. सूर थोडा खाली पडला. सासऱ्यांनी आपला हात त्यांच्या मनगटावर ठेवला आणि ते केसभर पुढे ढकललं. म्हाताऱ्या हाताची थरथर मनगटातून कांडीत उतरली, आणि तार जिन्यात ऐकली होती तशी लहरू लागली.

“हां,” सासरे म्हणाले. “आता थांबू नका.”