मृदंगाच्या जागेवर

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. गाडीच्या डिकीत बसवतात तो. बारा इंची, काळ्या तोंडाचा. पोरं मला ‘बेस’ म्हणतात. सध्या मी चाकूरच्या एका किराणा दुकानामागच्या खोलीत, गुळाच्या ढेपांशेजारी, भिंतीकडे तोंड करून बसलो आहे. मुद्दाम कुणी तसं बसवलेलं नाही. उचलून ठेवताना तसा ठेवला गेलो, एवढंच. पण मला ते बरं वाटतं. तुमच्या डोळ्यांत बघून ही गोष्ट सांगणं मला जमलं नसतं.

माझं अंग फार साधं आहे. मागे तव्याएवढा लोहचुंबक, त्यात तांब्याच्या तारेचं वेटोळं, पुढे काळा पडदा आणि त्याच्या कडेनं रबराची गोल किनार. तारेतून वीज आली की पडदा हलतो आणि हवा हलवतो. स्वतःचं गाणं माझ्याजवळ नाही. दुसऱ्याचं गाणं मोठं करून सांगणं, हेच माझं काम.

नांदेडच्या एका दुकानात मी फळीवर बसलो होतो, तेव्हा अमरेश मला घ्यायला आला. सव्वीस वर्षांचा, चाकूरला मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान चालवणारा. दुकानातले फिटर वैजनाथ त्याला म्हणाले, “बसवून देऊ का इथंच?”

“न्हाई, घरीच बसवतो. समदं बघून ठेवलंय.”

“बघणं येगळं, बसवणं येगळं, मालक. दोन गोष्टी ध्यानात ठेव. गेनचा हा स्क्रू म्हणजे आवाज वाढवायचं बटण न्हाई, कमीच ठेव. आणि आवाजाला जोर देणारा हा अ‍ॅम्प लई तापतो. त्याला हवा लागती. त्याच्यावर काय बी ठेवू नको.”

अमरेशनं मान हलवली. मी मात्र त्या दोन्ही गोष्टी ऐकून ठेवल्या. मित्रांनो, माझी लाज इथूनच सुरू होते. कारण मला ठाऊक होतं.

घरासमोरच्या लिंबाखाली दोन रविवार माझी बसवणूक चालली. गाडी अमरेशच्या वडिलांची, किराणा दुकान चालवणाऱ्या चंद्रप्पांची. अमरेशनं सीट काढल्या, दारांचे पुठ्ठे उतरवून आत छोटे स्पीकर बसवले, आतल्या पत्र्यावर काळे चिकट तक्ते थापले. बॅटरीपासून जाड लाल वायर ओढली. माझ्यासाठी जाड फळ्या कापून, खिळे आणि सरस लावून खोकं केलं. त्याची आई कमलम्मा उंबऱ्यातून बघत होत्या.

“अरं, गाडीचं पोट फाडून ठेवलास की रं! परत शिवता येतंय का?”

“येतंय अव्वा. तू फक्त बघ, कसली वाजती ते.”

“वाजायला घरात एक हाय की. तुझा बाप.”

आणि खरंच, ओसरीवर चंद्रप्पा मृदंग लावत बसले होते. त्यांचंही हात आणि कान एक करून चाललेलं. डाव्या तोंडाला, म्हणजे धुमाला, कणकेचा गोळा थापायचा, थाप मारून ऐकायचं, चिमूटभर कणीक काढायची, पुन्हा ऐकायचं. इकडे अमरेश मोबाईलमधून एकच जाड, सपाट आवाज माझ्यातून काढायचा आणि बारीक स्क्रू फिरवायचा. बाप पिठानं धुम उतरवत होता, लेक पेचकसानं. मला वाटलं, मी चांगल्या घरी आलो.

त्या चाचणीत गाडी कुठंतरी खुळखुळत होती. अमरेशनं सगळे स्क्रू आवळले तरी खुळखुळ थांबेना. शेवटी चंद्रप्पा उठून आले. डोळे मिटले, गाडीवरून तळहात फिरवत मागं गेले आणि नंबरप्लेटवर थांबले.

“हितं हाय.” बोटाला राहिलेली कणीक त्यांनी प्लेटच्या मागं चेपली. आवाज बंद! “उद्या रबर लाव. ही वाळून पडंल. आणि तुझं हे धुम लई चढवलास, बाळा. जरा उतरव.”

अमरेश हसला. धुम काही उतरवलं नाही. गेनचा स्क्रू होता त्याहून वरच नेला.

आता डिकीची गोष्ट सांगतो. ती जागा रिकामी नव्हती, मित्रांनो. बारा वर्षं भजनाला जाता-येता तिथं चंद्रप्पांचा मृदंग बसायचा, खाली जुनी वाकळ अंथरून. दर सोमवारी चंद्रप्पा भजनाला जात, कधी गावातल्या महादेवाला, कधी शिरूर अनंतपाळला. तिथं रामलिंग होते, त्यांचे जुने सोबती. रामलिंग गात, चंद्रप्पा वाजवत. तीस वर्षं झाली होती या जोडीला. मी आलो आणि वाकळ निघाली. माझ्या खोक्यावर अ‍ॅम्प बसला, त्यावर गालिच्याचा तुकडा आला, आणि झाकणाखाली वीतभर फट उरली. अमरेशनं तीत मृदंग आडवा सारला.

“बघा अप्पा, बसतंय की!”

बसला, पण काढायला दोन माणसं लागायची. चंद्रप्पांची कंबर वाकत नव्हती. आधी ते प्रत्येक भजनानंतर मृदंग घरात नेऊन खुंटीला टांगायचे. आता अमरेश म्हणू लागला, “रोज कशाला काढघाल? ऱ्हाऊ द्या गाडीतच.” चंद्रप्पा एकदोनदा थांबले, मग ‘बरं’ म्हणाले. त्या ‘बरं’चा आवाज किती हळू होता ते मला माहीत आहे. हळू आवाज ऐकायची सवय मला नव्हती, तरी तो ऐकू आला.

एकदा रामलिंग चाकूरला आले. डिकीत डोकावून म्हणाले, “शरणार्थ, चंद्रप्पा! तुझा मृदंग भाड्यानं ऱ्हायलाय व्हय रं? मालक कोण, हे ढोलगं?”

“पोराची हौस हाय, ऱ्हाऊ दे.”

“हौस असू दे की. पर आपलं बोलणं ध्यानात हाय न्हवं? मी आधी गेलो तर माझ्या मातीला तुझा मृदंग पायजे. तू आधी गेलास तर मी म्हणणार. ह्या ढोलग्याला धाडू नको बाबा, मी उठून बसंन!”

“तू बसलेलाच असशील की,” चंद्रप्पा म्हणाले, आणि दोघं खो खो हसले. त्यांच्यात माणूस गेलं की त्याला निजवत नाहीत. विभूती लावून, हार घालून बसवतात आणि भजन म्हणत समाधीला नेतात. म्हणून ते हसणं.

वैशाखात एका बुधवारी अमरेश बहिणीला, मंजुश्रीला घेऊन कपड्यांच्या खरेदीला लातूरला गेला. सोमवारचं भजन होऊन मृदंग माझ्या डोक्यावर तसाच पडून होता. ऊन असं की पत्र्याला हात लावता येत नव्हता. अमरेशनं काचा वर केल्या आणि मला मोकळं सोडलं. जाताना तासभर, येताना तासभर.

“दादा, माझे दात हलायलेत!” मंजुश्री ओरडत होती.

“हलू दे, तेच तर पायजे!”

मलाही तेच हवं होतं. खोटं कशाला बोलू? रस्त्यानं लोक वळून बघत होते. घरणीच्या पुलावर म्हशी बिचकल्या, तर मला गंमत वाटली. अ‍ॅम्प तापत होता. आधी कोमट, मग तव्यासारखा. गालिच्याखालून त्याची धग वर चढत होती, आणि वर चामडं होतं.

चाकूर चार-पाच किलोमीटरवर आलं असेल. तेव्हा माझ्या डोक्यावर एक आवाज झाला.

टक्.

एवढाच. वाळकी शेंग उलावी तसा. माझ्या धडधडाटात तो कुणालाच ऐकू गेला नाही. मी ऐकला. मला समजलंसुद्धा. पण मी दुसऱ्याचा आवाज सांगणारा. माझ्यातून गाणं चाललं होतं आणि मी ते घरापर्यंत सांगत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरूरहून फोन आला. रामलिंग गेले होते.

चंद्रप्पांनी ओसरीचा खांब धरला. मग म्हणाले, “मृदंग गाडीतच हाय न्हवं? चल.” अमरेशनं मला बंद केलं.

रामलिंगांच्या अंगणात मांडव घातला होता. भिंतीला टेकवून त्यांना बसवलं होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात झेंडूचा हार, मान किंचित कललेली, चालीचा विचार करताना कलायची तशी. शेजारी त्यांची बायको साखराबाई. भजनी मंडळ टाळ घेऊन थांबलेलं. “चंद्रप्पा आले,” कुणीतरी म्हणालं, आणि लोकांनी वाट दिली.

बापलेकांनी मृदंग ओढून काढला. चंद्रप्पांनी खोळ सोडली.

शाईच्या, म्हणजे उजव्या तोंडाची पुडी, ते ताणलेलं चामडं, या कडेपासून त्या कडेपर्यंत फाटली होती.

चंद्रप्पांनी त्या चिरेवरून बोट फिरवलं. अमरेशनं हात खाली घातला, अ‍ॅम्पला लावला, आणि त्याचा चेहरा उतरला. ‘त्याच्यावर काय बी ठेवू नको’ ही वैजनाथांची गोष्ट त्याला त्या वेळी आठवली असावी.

“दुसरा मृदंग?” चंद्रप्पांनी विचारलं.

“गावातला पुडी भरायला उदगीरला दिलाय,” मंडळातले किशनराव म्हणाले.

तेव्हा अमरेशनं घाबऱ्या घाबऱ्या एक गोष्ट केली. भल्यासाठीच केली. “अप्पा, मोबाईलमध्ये मृदंग हाय,” असं म्हणत त्यानं थेट माझ्यावर लावला. गेन तसाच वर होता.

मित्रांनो, मी गरजलो. पाच मृदंगांएवढा. मांडवाचं कापड थरथरलं, तान्हं मूल दचकून रडायला लागलं, बायकांनी कानांवर पदर दाबले. रामलिंगांच्या हारातली दोन झेंडूची फुलं निखळून त्यांच्या मांडीवर पडली. साखराबाई उठल्या. ओरडल्या नाहीत.

“बंद कर, बाबा. ते बसलेत अजून.”

बंद करायला अमरेशला तीनदा बोट लावावं लागलं. त्या वेळेएवढं नको नको मला कधी झालं नाही. मला तोंड आहे, ते फिरवता येत नाही. सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं.

चंद्रप्पा डिकीपाशी आले. माझ्या फळीवर त्यांनी बोटाच्या पेरानं टकटक केलं. कडेला एक आवाज, मधोमध दुसरा. पुन्हा केलं.

“वायरी सोड ह्याच्या.”

“अप्पा, माझं चुकलं...”

“ते मागनं. आदी वायरी सोड.”

अ‍ॅम्प बाजूला काढून अमरेशनं आणि किशनरावांनी मला खोक्यासकट उचलून मांडवात नेलं आणि रामलिंगांसमोर पालथं घातलं. माझं तोंड मातीकडे, पाठ वर. चंद्रप्पा मांडी घालून बसले. मध्यावर डावा तळहात ठेवला, कडेला उजवी बोटं, आणि वाजवलं. माझ्यात वीज नव्हती. लाल वायर गाडीतच लोंबत राहिली होती. आवाज त्यांच्या हाताचा होता आणि पोकळी माझी. किशनरावांनी रामलिंगांनीच बांधलेलं पद उचललं:

देह मातीचं मडकं, आत शिवाचा गं नाद
फुटता फुटता देई आल्या वाटेला साद

समाधीच्या जागेपर्यंत मला पंच्याच्या झोळीत घालून दोघांनी नेलं. एका बाजूला किशनराव, दुसऱ्या बाजूला अमरेश. चंद्रप्पा शेजारून चालत वाजवत होते. मी जड आहे. अमरेशच्या खांद्याला पंचा रुतत होता, पण त्यानं बाजू बदलली नाही. जाड फळीवर वाजवून चंद्रप्पांच्या बोटांना फोड आले आणि फुटले. माझ्या पाठीवर अजून दोन तपकिरी डाग आहेत.

परतताना गाडीत चंद्रप्पा एवढंच म्हणाले, “लाकूड बरं हाय. गळा न्हाई त्याला.”

दुसऱ्या दिवशी अमरेशनं मला डिकीतून काढलं. कुणी सांगितलं नव्हतं. मृदंगाला नवी पुडी भरून आणली, वाकळ धुऊन डिकीत अंथरली. दारांमधले छोटे स्पीकर मात्र ठेवले आहेत, चंद्रप्पाच कधी कधी म्हणतात, “लाव की काहीतरी, हळू.”

मला कुणी रागावलं नाही, मित्रांनो. तेच जड जातं. दर सोमवारी चंद्रप्पा मृदंग न्यायला या खोलीत येतात. आता तो माझ्याच वरच्या खुंटीला असतो. जाताना ते सवयीनं माझ्या पाठीवर दोन बोटं वाजवतात, नेमकी त्या डागांपाशी. मला वाटतं, जमिनीनं पोटात घ्यावं.

तुम्ही घरात नवं काही जरूर आणा. हौस करा, ती वाईट नाही. पण त्याला जागा देताना तिथली वाकळ उचलाल, तेव्हा ती कुणासाठी अंथरलेली होती ते विचारा. आणि फार मोठ्यानं वाजत असाल, तर मधेच कधी थांबून बघा. तुमच्या डोक्यावर कुणीतरी बारीक ‘टक्’ असा आवाज करत असेल. मी तो ऐकला होता. मी थांबलो नाही.