बॉनेटच्या आतला रंग

उजव्या डोळ्यावरची पट्टी काढून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय दिसतंय?"

"तुमच्या त्या कोपऱ्यात भिंतीला दुसरा हात मारायचा राहिलाय," पेंटर म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी वळून पाहिलं, तर खरंच राहिला होता. डोळा ठणठणीत होता, आणि जिभेला तर कधी काही झालंच नव्हतं. डावा डोळा पुढच्या महिन्यात करू, असं सांगून त्यांनी पेंटरांना घरी पाठवलं.

पेंटरांचा उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेला होता. खरं नाव घरच्यांनाही आठवावं लागे, इतके ते सगळ्यांचे पेंटर झाले होते. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'पेंटर' अशी सही करायची, ही त्यांची पहिल्यापासूनची रीत. पुढे छापील पाट्या आल्या, धंदा बसला, आणि रिकामे हात शिवशिवायला लागले. तेव्हा एका जुन्या सामानाच्या दुकानात त्यांना एक खोकं सापडलं. खोक्यावर एका जुन्या अमेरिकन गाडीचं चित्र होतं. लांबलचक, मागे माशासारखे पंख, पुढे क्रोमचे दात विचकलेले. आत मात्र गाडी नव्हती, गाडीचा चुरा होता. प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले शेकडो सुटे भाग, चार रबरी टायर आणि जोडणीचा एक कागद. तो चुरा जोडून, घासून, रंगवून त्यांनी पहिली गाडी उभी केली आणि माणूस नादाला लागला. कारखान्यांनी कधीच बंद केलेली जुनी खोकी ते कुठून कुठून पैदा करत. बायको त्याला 'यांचा भंगाराचा संसार' म्हणायची, पण पाहुणे आले की कपाटाच्या काचा आधी तीच पुसायची.

तर त्या दिवशी पेंटर घरी आले आणि चपला न काढताच त्या कपाटासमोर जाऊन उभे राहिले. नव्या डोळ्यानं आपली लेकरं बघावीत, एवढीच इच्छा. आंधळा मागतो एक डोळा, आणि तो एक आज मिळाला होता.

वरच्या फळीवरची मलईच्या रंगाची गाडी त्यांनी पाहिली. ती मलईच्या रंगाची नव्हतीच. निळीत जास्त वेळ राहिलेल्या चादरीसारखी दिसत होती. शेजारची गुलाबी जांभळट, खालची पिवळी फटफटीत. पेंटरांनी उजवा डोळा मिटला. डाव्या डोळ्याला मलई मलईच होती. डावा मिटला, पुन्हा नीळ. बराच वेळ त्यांनी आपल्याच गाड्यांना आळीपाळीनं डोळे मारले.

"अगं, इकडे ये," त्यांनी हाक मारली. "ही गाडी कुठल्या रंगाची आहे?"

बायको पदराला हात पुसत आली. "निळसर पांढरी."

"पहिल्यापासून?"

"हो की."

"आणि तू कधी बोलली नाहीस?"

"मला वाटलं, अमेरिकेत तशाच असतात," ती म्हणाली आणि लगबगीनं आत गेली.

पेंटर मटकन खुर्चीत बसले. काय झालं ते त्यांना लगेच कळलं. रंगाचा माणूस तो. मोतीबिंदू काही एका रात्रीत येत नाही. डोळ्यावर वर्षानुवर्षं पिवळा पडदा चढत गेला. ते आठवणीतला रंग कालवायला बसत, तो पिवळट दिसे, मग पिवळा कमी करत, निळा वाढवत. पडद्याआडून रंग बरोबर दिसेपर्यंत बाहेर पार निळा झालेला असे. गेल्या तीन-चार वर्षांत केलेल्या सगळ्या गाड्यांचं असं झालं होतं.

त्याचंही एवढं नाही. पुन्हा रंगवता आल्या असत्या. पण मग त्यांना अक्काची गाडी आठवली.

अक्का म्हणजे थोरली बहीण. तिचे यजमान, पेंटरांचे दाजी, एका हॉटेलात ड्रायव्हर होते. हॉटेलच्या मालकाची एक जुनी अमेरिकन गाडी होती, पाहुण्यांची ने-आण करायला. मालकाला तिचा रंग बदलायचा होता आणि कुठलाच पसंत पडेना. तेव्हा दाजींनी आपल्या पोरसवदा मेव्हण्याला गॅरेजमध्ये नेलं. दोघांनी दुपारभर खपून एक हिरवा कालवला. कोवळ्या दुधीच्या सालीचा, पिस्त्याच्या अलीकडचा आणि पोपटीच्या पुष्कळ अलीकडचा. त्या रंगाला नाव नव्हतं, पण दाजी गल्लीच्या तोंडाशी वळले की पोरं लांबूनच ओरडायची, "आली, आली!" पुढे हॉटेल विकलं गेलं, गाडी कुठे गेली कुणास ठाऊक. दाजी गेले, तेव्हा त्या गाडीचा एक फोटो होता घरात, तोही काळा-पांढरा. म्हणजे तो रंग आता जगात दोनच ठिकाणी उरला होता. अक्काच्या डोळ्यांत आणि पेंटरांच्या.

गेल्या वर्षी त्याच गाडीचं खोकं पेंटरांना मिळालं. अक्का म्हणाली, माझ्यासमोर कर. म्हणून तिच्याच जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी ती जोडली, रंग कालवला आणि रंगवली. गाडी पुरी झाली तेव्हा अक्कानं ती दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ पाहिली. "हीच," एवढंच म्हणाली आणि रडली. मग ती गाडी दाजींच्या फोटोशेजारी ठेवली.

आणि अक्काची नजर अशी, की या वयात सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवते. तिला निळा दिसला नसेल? म्हणजे भावाचं मन राखायला खोटं बोलली. वर्षभर रोज सकाळी उठून ती नवऱ्याच्या फोटोशेजारी एक परकी गाडी बघत होती, आणि ती परकी गाडी आपण तिथे ठेवली. पेंटरांना अगदी रडू यायचं बाकी राहिलं. आता तिच्या डोळ्यांतही तो खरा रंग राहिला असेल का? की रोज बघून बघून खोटाच खरा वाटायला लागला असेल? तसं झालं असेल, तर दाजींची गाडी पुसली ती आपणच.

"मी अक्काकडे निघालो," त्यांनी रंगांची पेटी काखेत मारली.

"डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय!"

"डोळ्याला सांगितलीय, पायांना नाही."

बायकोनं काळा चष्मा त्यांच्या नाकावर चढवला आणि ती सोबत निघाली. बसमध्ये पेंटर रंगांची पेटी मांडीवर धरून बसले.

अक्कानं दार उघडलं. "अरे छोट्या, आज पट्टी निघाली ना तुझी? मग घरी पडायचं सोडून हे काय? ये गं, आत ये."

साठी उलटलेले छोट्या दारातच म्हणाले, "अक्का, गाडी बघायचीय."

"आधी पाणी तर घे."

"आधी गाडी."

अक्कानं भावजयीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघायला लागली. हे पाहून पेंटरांची खात्रीच पटली की इथे काहीतरी शिजत होतं. ते तडक आतल्या खोलीत गेले. दाजींच्या फोटोशेजारी गाडीवर एक पांढरा रुमाल टाकलेला होता.

"उन्हानं रंग उडेल म्हणून टाकते," मागून अक्का म्हणाली.

पेंटरांनी काळा चष्मा काढला. डावा डोळा घट्ट मिटला. मन घट्ट केलं आणि रुमाल उचलला.

कोवळ्या दुधीचा हिरवा. पिस्त्याच्या अलीकडचा. गल्लीच्या तोंडाशी वळणारा.

त्यांनी गाडी खिडकीशी नेली, उजेडात धरली, कलती केली, उलटी केली. खाली त्यांचीच सही होती. रंग तोच होता. गॅरेजमधली ती दुपार, दाजींच्या कोपरापर्यंत माखलेले हात, सगळं त्या रंगात होतं. पेंटरांचा जीव असा भांड्यात पडला की त्याचा आवाज शेजाऱ्यांनाही ऐकू गेला असता. ते पलंगावर बसले आणि गाडी मांडीवर घेऊन हसत सुटले. डोळ्यांतून पाणीही येत होतं. डॉक्टरीणबाईंनी ते मना केलं होतं, पण आता कोण ऐकतो!

हसू ओसरल्यावर मात्र ते गडबडले. "पण हे झालं कसं? तेव्हा माझा डोळा पार गेलेला. घरच्या सगळ्या गाड्या निळ्या झाल्यात. हीच एक कशी बरोबर आली?"

"तू हुशार आहेस म्हणून," अक्का म्हणाली.

"अक्का!"

अक्का त्यांच्या शेजारी बसली. "बॉनेट उघड."

वर्षभरात पेंटर जेव्हा जेव्हा आले, तेव्हा अक्कानं त्यांना बॉनेटला हात लावू दिला नव्हता. नाजूक आहे, तुटेल, राहू दे. आपणच केलेली गाडी आणि म्हणे तुटेल! आता त्यांनी नखानं ते इवलंसं बॉनेट उचललं. आतल्या बाजूचा रंग निळा होता. स्वच्छ, निर्लज्ज निळसर, घरच्या गाड्यांचा सख्खा भाऊ.

"आतले भाग तू आधी रंगवलेस," अक्का म्हणाली. "मी बघितलं, म्हटलं, अरे देवा. मग तू हात धुवायला गेलास, तेव्हा तुझ्या डब्यात मी पिवळा ओतला. थोडा थोडा, ढवळत ढवळत. शेवटी तपकिरीचा एक थेंब. तू परत आलास आणि बाहेरून सगळी गाडी त्यानं रंगवलीस."

"मला कळलं कसं नाही?"

"कळलं होतं जरासं. म्हणालास, रंग मळकट वाटतो. मी म्हटलं, वाळला की बसतो, तूच सांगतोस ना सगळ्यांना? गप्प बसलास."

"आणि तुला रंग कालवायला कुणी शिकवलं?"

"वा रे वा! तुझ्या पहिल्या दुकानात डबे कोण ढवळत होतं? ढवळून ढवळून माझे हात दुखायचे आणि सही तुझी एकट्याची. मी म्हटलं होतं, पाटीवर माझंही नाव घाल. तर म्हणालास, अँड सन्स असतं, अँड ब्रदर्स असतं, अँड सिस्टर कुणी ऐकलंय का?"

पेंटरांना ते आठवलं. आठवलं नसतं तर बरं, असं वाटण्याइतकं स्पष्ट आठवलं.

"माझे डोळे गेलेत, हे तुला आधीच माहीत होतं?"

अक्काची नजर दाराकडे गेली. दारात उभी असलेली बायको एकदम कपबश्या मोजायला स्वयंपाकघरात निघाली.

"अमेरिकेत तशाच असतात काय गं?" पेंटर ओरडले.

"वन्संनी सांगितलं होतं, बोलू नकोस म्हणून!" आतून उत्तर आलं.

मग पेंटरांच्या डोक्यात एकेक उलगडत गेलं. 'माझ्या सोबतीला चल' म्हणून अक्का त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली होती आणि तपासायच्या खुर्चीत त्यांनाच बसवलं होतं. पुढे ऑपरेशनसाठी दर आठवड्याला फोन करून भंडावून सोडलं होतं.

"सरळ सांगायचं की, रंग चुकतोय म्हणून."

"सांगितलं असतं, तर तू दुसऱ्या दिवशी ब्रश टाकून दिला असतास," अक्का म्हणाली. "मी ओळखत नाही का तुला? पाट्या गेल्या, तेव्हा कसा भिंतीकडे तोंड करून बसला होतास. डोळा काय, दुरुस्त होतो. तू एकदा बसलास की उठत नाहीस."

ते खरं होतं, हे पेंटरांनाही माहीत होतं. त्यांनी बॉनेटच्या आत पुन्हा पाहिलं. उजवा डोळा मिटून डाव्यानं. आतला निळा हळूहळू दुधीच्या सालीचा झाला. म्हणजे आठवणीत कुठेही चूक नव्हती. दाजींचा रंग त्यांच्याजवळ शाबूत होता, फक्त बाहेर येताना वाटेत बिघडत होता. हे कळलं आणि त्यांना इतकं हलकं वाटलं, की गाडी एखाद्या पोरासारखी छातीशी धरावीशी वाटली.

"पेटी आणलीच आहेस तर आतलंही नीट करून टाक," अक्का म्हणाली. "मी पिवळा ओतते."

"नको. ते तसंच राहू दे." पेंटरांनी बॉनेट अलगद लावलं. "पण एक काम राहिलंय."

त्यांनी गाडी उलटी करून मांडीवर ठेवली. पेटीतून सगळ्यात बारीक ब्रश काढला, पांढऱ्यात बुडवला, टोक ओठांजवळ धरून त्यावर फुंकर मारली. नवा डोळा, जुना हात. अक्षर जराही हललं नाही. अक्कानं चष्म्याशिवाय वाकून वाचलं. आधीच्या 'पेंटर'पुढे, तितक्याच बारीक, तितक्याच ऐटदार अक्षरात, ओला पांढरा रंग चमकत होता:

'अँड सिस्टर.'