अपया हात

१९५४ साली कलकत्त्याजवळ बजबजच्या आमच्या ताग गिरणीत विजेच्या मुख्य स्विचची पूजा झाली. दुपारी बारा वाजता दोनशे माणसं जमली. मालकांनी बोलावलेल्या अरुणानंद बाबांनी स्विचला जास्वंदीची माळ घातली आणि डोळे मिटून दांडा ओढला. ट्रान्सफॉर्मर फुटला नाही. लोकांनी जयजयकार केला. मी गिरणीचा इंजिनिअर, मीही हात जोडले, कारण मालक शेजारी उभे होते.

त्याआधीच्या वर्षभरात दोन ट्रान्सफॉर्मर जळले होते. दोन्ही वेळा स्विच आमचा वायरमन श्यामसुंदर याने लावला होता, म्हणून बंगाली कामगार त्याला 'अपया', म्हणजे अपशकुनी, म्हणू लागले. बाबांनी निकाल दिला, "बिजली माँ इस हाथ से रूठी है. इसे हटाओ!"

मालकांनी श्यामसुंदरला सोमवारपर्यंत मुदत दिली. नोकरी गेली की गिरणीची खोलीही जाणार. त्याची बायको शकुन आमच्याकडे आली.

"साहेब, यांच्या हातात खरंच अपाय आहे का हो?"

तिने 'अपया'चा 'अपाय' केला होता. मला दुरुस्त करवेना.

माझी बायको मंदाकिनी बालीगंजच्या शाळेत विज्ञान शिकवते. ती म्हणाली, "अहो, श्यामसुंदर स्विच कधी लावतो?"

"पहाटे पाचला."

"आणि बाबा?"

"बाबा दहाच्या आत उठत नाहीत."

"मग हात बदलला की वेळ?"

मी तीन दिवस आकडेमोड केली. स्विच लावताच केबलमध्ये विजेचा धक्का उठतो. त्या धक्क्यात अनेक सूर, म्हणजे कमी-जास्त वेगाची कंपनं, असतात. मी एकेक सूर वेगळा काढला, केबलच्या टोकाला तो किती वाढतो ते मांडलं आणि सगळ्यांची पुन्हा बेरीज केली. एका सुराला केबल आणि ट्रान्सफॉर्मर मिळून झोपाळ्यासारखा झोका देत होते. दिवे-पंखे जोडलेले असले की तो सूर दबतो. पहाटे काहीच जोडलेलं नसायचं.

सोमवारी अकरा वाजता, म्हणजे बाबांच्या सोयीने, मी मालकांसमोर सगळ्या दिव्या-पंख्यांची जोडणी काढली. ट्रान्सफॉर्मरपाशी दोन पितळी गोळे थोडं अंतर ठेवून बसवले. विजेचा दाब वाढला तर ठिणगी ट्रान्सफॉर्मरऐवजी तिथेच पडावी, एवढाच हेतू. बाबांनी मंत्र म्हणत दांडा ओढला. गोळ्यांत फाडकन ठिणगी उडाली. बाबा हातातल्या माळेसकट आग विझवायच्या वाळूच्या बादलीत बसले.

"आज अमावस्या है," ते आतूनच म्हणाले. त्या दिवशी षष्ठी होती.

मग दिवे-पंखे जोडून श्यामसुंदरने स्विच लावला. गोळे गप्प राहिले. शकुन रडली.

मालकांनी विचारलं, "मग पहाटे दिव्या-पंख्यांची जोडणी काढून स्विच लावायचा नियम कोणाचा?"

नियमाचा कागद भिंतीवरच होता. खाली माझी सही होती.

म्हणून सांगतो, कुणाच्या हाताला अपशकुनी म्हणण्याआधी घड्याळ बघा, भिंतीवरचा कागद वाचा. मी तो वर्षभर रोज पाहत होतो, वाचला मात्र त्या दिवशी.