फॉर्मलाइज

अकोल्यात जठारपेठेतल्या एका कॉलेजात अनीसा मॅडम अकरा वर्षं इंग्रजी शिकवत होत्या. नेमणुकीचा कागद नव्हता. संस्थेचे अध्यक्ष मोरोपंत पेशानं वकील. ‘तुम्ही तर घरच्याच,’ म्हणायचे. घरच्या माणसाला कोण कागद देतं?

यंदा अमरावतीच्या शिक्षण उपसंचालक कार्यालयातून पत्र आलं, सगळ्या तोंडी नेमणुका ‘फॉर्मलाइज’ करा. क्लार्क देवमननं तो शब्द तीनदा वाचला.

“मॅडम, फॉर्मलाइज म्हंजे? लॅबमंदी बेडूक ठेवतेत त्या फॉर्मलीनमंदी टाकाचं का तुमाले?”

“जे आधीच चालू हाये, त्याले कागदावर आणाचं, देवमनभाऊ.”

मोरोपंतांनी आठवड्यात कागद आणला. बैठक झाली, पुष्पगुच्छ दिला, फोटो काढला. संस्थेच्या उदारतेवर ते पंचवीस मिनिटं बोलले.

स्टाफरूममध्ये बसून मॅडमनी कागद वाचला. ‘आजच्या तारखेपासून, तात्पुरत्या स्वरूपात.’ त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अकरा वर्षांत त्यांनी एक तास बुडवला नव्हता. बाळंतपणानंतर दीड महिन्यात वर्गावर हजर झाल्या होत्या. अध्यक्षांच्या एका ओळीनं ते सगळं पुसलं. डोळे पुसून त्यांनी संस्थेला अर्ज लिहिला:

‘माझी नेमणूक आजपासूनची आहे. तरी गेली अकरा वर्षं बारावीच्या तोंडी परीक्षेच्या गुणपत्रकांवर सही करणारी बाई कोण होती, ते शिक्षण मंडळास कळवावे.’

मोरोपंतांनी लगेच बोलावलं. कोर्टात न फुटलेला घाम इथं फुटला होता.

“मॅडम, बोर्डाले मधात कावून आणता? तक्रार हाये का तुमची?”

“नाई, वकीलसाहेब. मी फक्त विचारून राहिली.”

“घरच्या घरी मिटवू ना.”

“घरचं तर तुमीच फॉर्मलाइज करून टाकलं.”

तिसऱ्या दिवशी नवा कागद तयार झाला. तारीख अकरा वर्षांपूर्वीची, ‘तात्पुरत्या स्वरूपात’ गायब. या वेळी फोटोग्राफर बहुधा बाहेरगावी होता. हे आपल्या मनात पहिल्यापासूनच होतं, असं मोरोपंतांनी सगळ्यांना सांगितलं. मॅडमनी अर्ज परत घेतला आणि त्याची झेरॉक्स जपून ठेवली.

दोन्ही कागद टाइप करणारा देवमन दारात घुटमळला.

“मॅडम, असाच एक अर्ज मलेबी लिहून द्या ना.”

“तुमाले कायले?”

“चौदा वर्षं झाले. मीबी घरचाच हाओ.”