खांबाची जळजळ

"निघाली! निघाली!"

गुरुवारी सकाळी शाहूपुरीतल्या त्या रिकाम्या गूळ-वखारीतून अशी आरोळी उठली की रस्त्यावरचा माणूस सायकल थांबवायचा, पण काय निघाली म्हणून विचारायचा नाही. आग निघालेली असायची. कुणाच्या तरी पोटातली.

वखारीत दीड-दोनशे पुरुष मांडीला मांडी लावून बसलेले. पुरुषच. दारावर खडूनं ठळक लिहिलं होतं : 'स्त्रियांस सक्त मज्जाव. आग उलटते.' मधोमध घोंगडीवर शीतळनाथ महाराज. त्यांनी चंदगडच्या रानात बारा वर्षं भर पावसात उभं राहून तप केलं होतं, असं शिष्य सांगत. चंदगडचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला हे पटायला जड नव्हतं. तिथं नुसती एस.टी.ची वाट बघत उभा राहिलेला माणूससुद्धा भिजून भिजून निम्मा सिद्ध होतो.

आज महाराजांसमोर केरबा चौगुले उताणा पडला होता. त्याच्या छातीवर हळदीत भिजवून वाळवलेलं पिवळंधमक फडकं होतं.

"बाळा, हा अग्नी कुठला?" महाराजांनी डोळे मिटून विचारलं.

"पोटातला, महाराज."

"चूक! गेल्या जन्मी तू कुणाची तरी गंजी पेटवलीस. त्यातली एक ठिणगी तुझ्या जठरात लपून बसली आहे."

केरबानं आठवून बघितलं. गेल्या जन्मीचं काही आठवेना. या जन्मी मात्र रोज रात्री दहाला तांबड्या रश्श्याच्या चार वाट्या ओढून लगेच आडवं पडायचा नेम त्यानं वीस वर्षं चुकवला नव्हता. पण ठिणगीची गोष्ट ऐकायला बरी वाटत होती. रश्श्याला दोष देणारा माणूस कोल्हापुरात कुणाला आवडलाय?

महाराजांनी तांब्यातल्या पाण्यात विभूती कालवली. अर्धं पाणी केरबाला पाजलं. उरलेलं आंब्याच्या डहाळीनं फडक्यावर शिंपडलं. पिवळ्या फडक्यावर तांबडेलाल डाग उमटले, जणू आतून रक्तच वर आलं. त्याच क्षणी केरबानं असा ढेकर दिला की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"निघाली!" शिष्य ओरडले. दीडशे जणांनी हात जोडले. महाराजांनी लाल फडक्याची घडी करून केरबाच्या हातात ठेवली. "पंचगंगेत सोड. घरी नेऊ नकोस. बाईमाणसाची नजर तर पडूच देऊ नकोस. आता खुशाल काहीही खा!"

बाहेर येताच आकारामनं केरबाच्या पाठीत थाप मारली. आकाराम त्याचा बाजारातला जोडीदार; त्यानंच सहा गुरुवारांमागं त्याला इथं आणलं होतं. "बघ की लेका! त्या डॉक्टरला वर्षात जमलं न्हाय, ते म्हाराजांनी सा मिनटांत केलं."

"व्हय की. एकदम गार वाटतंय बघ."

आणि ती गार झालेली जागा वाया जाऊ नये म्हणून दोघं पलीकडच्या गुंडूच्या हॉटेलात शिरले आणि जादा कट मागवून मिसळ खाऊ लागले.

केरबा हा काही लेचापेचा माणूस नव्हता. शाहूपुरीच्या गूळ बाजारात त्याच्या जिभेला मान होता. ढेपेचा खडा फोडायचा, जिभेवर ठेवायचा आणि प्रत सांगायची, हे त्याचं काम. रंग उजळावा म्हणून गुऱ्हाळवाल्यानं काहिलीत चिमूटभर सोडा टाकला, तरी केरबाची जीभ तो पकडायची. कोडोलीच्या एका बागायतदारानं एकदा देवाची शपथ घेऊन सांगितलं होतं की गूळ निर्मळ आहे. केरबा म्हणाला होता, "पावणं, देव खरा असंल, पर तुमची ढेपबी खोटं बोलत न्हाय. सोडा हाय."

अशा माणसाच्या छातीत वीस वर्षं जळत होतं. रात्री आंबट पाणी घशाशी यायचं. शेवटी बायकोनं, तानाबाईनं, हट्ट धरला आणि गेल्या वर्षी त्याला मिरजेला डॉक्टर माधव सबनिसांकडं नेलं. डॉक्टरांनी घशातून दुर्बीण घालून बघितलं, आतला कण काढून तपासला आणि कागदावर चित्र काढून सांगितलं, "पोटातलं आम्ल वीस वर्षं वर येऊन अन्ननलिका भाजत राहिलं. शेवटी नळीनं आपलं अस्तर टाकलं आणि आतड्यासारखं दुसरं चढवलं. याला 'बॅरेटची अन्ननलिका' म्हणतात."

"ह्यो कोण बॅरेट?" केरबानं विचारलं.

"एक इंग्रज डॉक्टर होता."

"म्हंजे इंग्रज ग्येला, पर जाताना माझ्या घशात सायेब ठेवून ग्येला म्हणा की!"

डॉक्टर हसले, मग गंभीर झाले. "हे नवं अस्तर बहुतेकांच्यात गुमान पडून राहतं. थोड्यांच्यात मात्र पुढं कर्करोगाकडं वळतं. तुमच्यात वळेल की नाही हे आज सांगता येत नाही. म्हणून रोज गोळ्या, रात्रीचं जेवण लवकर, तंबाखू बंद, खाटेच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा, म्हणजे झोपेत आम्ल वर चढणार नाही, आणि वर्षानं परत दुर्बीण."

"मग बरं कवा हुणार?"

"बरं होणार नाही. सांभाळायचं."

"किती दिस?"

"जगायचं आहे तितके."

इथंच डॉक्टर हरले. त्यांनी खरं सांगितलं होतं, आणि खऱ्याला मुदत नव्हती. महाराजांनी सात गुरुवारांचा वायदा दिला होता. त्यांनी गोळ्या बंद करवल्या. खाटेखालच्या विटा काढायला लावल्या. "विटेवर देव उभा राहतो, माणूस झोपत नाही!" आणि पुढच्या शुक्रवारी दुर्बिणीचा वर्षाचा फेरा होता, त्यावर तर त्यांनी कानच झाकून घेतले. "काच पोटात गेली की माझी सिद्धी बाहेर! मग मी जबाबदार नाही."

केरबानं मनातल्या मनात शुक्रवार रद्द केला. त्याला ते सोपंही गेलं. कारण एक गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. महिनाभर झाला, भाकरीचा घास छातीच्या मध्ये अडकत होता. पाणी प्यायलं की हळूहळू खाली सरकायचा. दुर्बीण नको, म्हणजे घास का अडकतो हे कळायलाही नको.

पण ज्या बाईनं तीस वर्षं भाकरी वाढली, तिच्यापासून घास लपत नाही.

मंगळवारी तानाबाई धुणं घेऊन बसली आणि सदऱ्याच्या खिशात तिला ते लाल फडकं सापडलं. मिसळीच्या नादात केरबा पंचगंगा विसरला होता. तिनं फडकं उलटंसुलटं केलं, वास घेतला आणि हाक मारली.

"अवं, हिकडं या. ह्ये काय?"

केरबाचा चेहरा पडला. "बघू नगंस! आग हाय त्यात!"

"आग?" तानाबाईनं फडकं साध्या पाण्याच्या बादलीत बुडवलं, दोनदा खळबळलं आणि वर काढलं. फडकं पिवळं. "गेली बघा आग."

केरबा बघतच राहिला.

तिनं त्याचाच रस्सा सांडलेला दुसरा सदरा ओढला आणि डागावर साबण घासला. पिवळा डाग लालभडक झाला. "आणि ही बघा, आली. अवं, हळदीला साबण लागला की लाल हुतंय. सोडा लागला तरी तसंच. शेजारच्या चिमणाबाईला इचारा, गल्लीतल्या कुठल्याबी बाईला इचारा."

"म्हाराज साबण लावत न्हाईत. इभूती हाय ती."

"आणा की ती इभूती."

महाराजांनी घरी घ्यायला दिलेली पुडी आली. चिमूटभर विभूती तिनं हळदीच्या पाण्यात टाकली, पाणी लाल. चिमूटभर बशीत ठेवून वर लिंबू पिळलं, तर बशी फसफसली. "आता तुमच्या पोटातलं आंबट आणि ही इभूती. ढेकर येईल न्हाई तर काय आरती ऐकू येईल?"

मग तानाबाईचा आवाज खाली आला. "घास अडकतोय न्हवं? मी बघतिया. म्हैना झाला."

केरबानं मान फिरवली. "सातवा झालाय. अजून एक समाप्तीचा गुरुवार हाय. तेवढा हू दे."

"हू दे की," तानाबाई म्हणाली. "म्याबी येते."

गुरुवारी वखार तुडुंब भरली होती. तानाबाई दारात आली तशी शिष्य आडवा आला. "ओ बाई! मज्जाव हाय! आग उलटती!"

"माझ्या घरात उलटलीच हाय. सरक."

ती सरळ महाराजांसमोर जाऊन उभी राहिली. केरबानं पंच्यात तोंड लपवलं. "म्हाराज, ह्यांची आग सात गुरुवार काढली. आता जरा ह्या खांबाचीबी काढता का?" असं म्हणून तिनं कमरेचं हळदीचं फडकं काढून वखारीच्या सागवानी खांबाला गुंडाळलं, महाराजांचा तांब्या उचलला आणि पाणी शिंपडलं.

खांबावर लाल डाग उमटले.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "आयला! खांबाचीबी निघाली!"

"खांबानं गेल्या जन्मी काय पेटवलं हुतं, म्हाराज?" दुसरा म्हणाला आणि हशा पिकला.

पण महाराज बारा वर्षं पावसात उभे राहिलेले. ते असे थोडेच भिजणार? त्यांनी हात वर केला. "मूढांनो! काष्ठात अग्नी सुप्त असतो. लाकूड पेटतं ते उगीच का? आज मी या खांबालाही मुक्ती दिली!"

आणि खोटं कशाला बोला, निम्म्या वखारीनं माना डोलावल्या. दोघं तर खांबाच्या पायाही पडले.

तानाबाईनं ओच्यातून धुण्याच्या साबणाची वडी काढली आणि फडक्याच्या कोऱ्या कोपऱ्यावर घासली. कोपरा लाल. "मग ह्या साबणानंबी तप केलं हुतं व्हय?" ती गर्दीकडं वळली. "दारावर पाटी का लावलीया ठावं हाय? आग उलटती म्हणून न्हवं. बाईमाणूस रोज धुणं धुतंय म्हणून. तुमच्यातल्या एकानं जरी जन्मात आपला सदरा आपण धुतला असता, तर ह्या बाबाला पैल्याच गुरुवारी एस.टी. धराय लागली असती!"

काही जण आपापल्या सदऱ्याकडं बघू लागले.

"साबण वेगळा!" महाराजांचा आवाज चढला. "ही सात दिव्य औषधींची विभूती आहे! हिच्यात सोडा आहे असं सांगणारा कोण आहे इथं?"

ही त्यांची चूक झाली. गूळ बाजाराच्या वखारीत हा प्रश्न विचारायचा नसतो. आकाराम उठून उभा राहिला. "आता कसं बोललात! ए केरबा, ऊठ. तुझ्या जिभेवर अख्खा बाजार चालतोय. तू सांग."

केरबा उठला. दीडशे डोळे... नव्हे, तीनशे डोळे त्याच्यावर. ती विभूती निर्मळ आहे एवढं म्हणायचा अवकाश, महाराज राहणार होते, गार वाटणं राहणार होतं, आणि उद्याचा शुक्रवार कधीच येणार नव्हता. त्यानं तानाबाईकडं बघितलं. ती रागावलेली नव्हती. ती घाबरलेली होती. वखारीत एकटी घुसलेली ती बाई महाराजांना नाही, त्या अडकणाऱ्या घासाला घाबरली होती.

केरबानं चिमूट उचलली, जिभेवर ठेवली आणि सवयीनं डोळे मिटले.

"बारा आणे खाण्याचा सोडा," तो म्हणाला. "तीन आणे गवऱ्यांची राख. आणाभर कापूर. प्रत दुय्यम."

"मग लेका, पैल्या दिवशी कळलं न्हाय व्हय?" आकाराम ओरडला.

"कळलं हुतं."

"मग?"

"देवाच्या वस्तूची प्रत कोण काढतंय?" केरबानं बोटं पंच्याला पुसली. "आणि खरं सांगू? भ्या वाटत हुतं. दुर्बिणीचं."

महाराजांना त्याच क्षणी समाधी लागली. ती उतरेपर्यंत वखार रिकामी झाली होती, आणि कुणीतरी दारावरच्या पाटीतली पहिली ओळ पुसून 'महाराजांस सक्त मज्जाव' असं लिहून गेलं होतं. दुपारच्या गाडीनं शीतळनाथ चंदगडला गेले म्हणतात. पाऊस होताच.

शुक्रवारी दोघं मिरजेला गेले. डॉक्टर सबनिसांनी दुर्बीण घातली. नळी व्रणानं एके ठिकाणी आकसली होती. ती त्यांनी रुंद करून दिली आणि अस्तराचे चार कण तपासायला पाठवले. आठवडाभर तानाबाईच्या घशाखालीही घास उतरला नाही. मग निकाल आला. वाईट काही नव्हतं.

"आजपुरतं," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या वर्षी परत यायचं."

"डॉक्टर, पर बरं वाटत हुतं ते काय खोटं?"

"खोटं नव्हे. सोड्यानं आम्ल मरतं, पण घटकाभर. मग ते परत वर येतं. आणि दुसरी गोष्ट त्याहून बेरकी आहे. या नव्या अस्तराला जळजळ कमी कळते. राखणदार झोपला म्हणून ओरडला नाही, तर चोर आलाच नाही असं समजायचं का? बरं वाटणं निराळं आणि बरं असणं निराळं. पहिलं तुमचं तुम्हाला कळतं, दुसरं तपासावं लागतं."

केरबाला हे एकदम पटलं. गूळही असाच असतो. उजळ दिसतो म्हणून तो अव्वल नसतो, फोडून बघावा लागतो. मग जी वस्तू आपण पोटात घालतो, आणि जो माणूस ती घाल म्हणून सांगतो, त्यांना तेवढी सूट का द्यायची? ढेपेला विचारता ते बाबालाही विचारा. खरा असेल तर तो रागावणार नाही. आणि रागावला, तर प्रत कळलीच.

केरबा आता संध्याकाळी सातला जेवतो. तंबाखू सुटली. रस्सा सुटला नाही, पण चार वाट्यांची एक झाली, तीही रविवारी. रोजची गोळी तो कुरकुरत घेतो. आपला सदरा मात्र स्वतः धुतो. तानाबाईची ती अट होती.

आणि खाटेच्या उशाकडच्या पायांखाली त्या विटा परत आल्या आहेत. त्यांना कुणी हळदकुंकू वाहत नाही, त्यांच्यासमोर कुणी हात जोडत नाही. तरी आपलं काम करतात.