तिला न येणारी भाषा

पत्रक एकाच पानाचं होतं आणि गेल्या आठवड्यात बाईंनी ते इतक्यांदा वाचलं होतं, की डोळे मिटून म्हणून दाखवता आलं असतं. तरी समितीच्या दालनाबाहेरच्या बाकावर बसल्यावर त्यांनी ते पुन्हा उघडलं, निव्वळ हातांना काहीतरी काम हवं म्हणून. शेवटून दुसऱ्या ओळीवर त्यांची नजर अडकली.

‘अवगत भाषा’ असं तिथे छापलं होतं आणि पुढे पाच नावं. पाचवं नाव होतं वरच्या खोऱ्यातल्या बोलीचं.

बाई गुप्तवार्ता खात्यात दोन नंबरच्या अधिकारी होत्या. आज लोकप्रतिनिधींची समिती त्यांना प्रश्न विचारणार होती, आणि समितीचं समाधान झालं तर त्या खात्याच्या प्रमुख होणार होत्या. आजवरचे प्रमुख बंद दाराआड निवडले जायचे, कुणाला त्यांचा चेहराही ठाऊक नसायचा. आता कायदा बदलला होता. प्रमुख होणाऱ्या माणसाने आयुष्यभर कुठे, काय नोकरी केली ते लोकांसमोर ठेवावं, असं ठरलं होतं. हे पत्रक त्यासाठीच होतं. सकाळीच ते सगळ्या पत्रकारांना वाटून झालं होतं.

अर्थात पत्रकात सगळंच खरं नव्हतं. पंचविसेक वर्षांपूर्वीच्या चार वर्षांपुढे ‘मुख्यालय, प्रशिक्षण विभाग’ असं लिहिलं होतं. ती चार वर्षं बाई सीमेपलीकडे होत्या, शिवणयंत्रं विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या प्रतिनिधी म्हणून.

“ही ओळ कुणी घातली?” बाईंनी शेजारच्या सहायकाला विचारलं. आवाज अगदी साधा ठेवला, कारण दारापाशी शिपाई उभा होता.

सहायकाने मान वाकवून पाहिलं. “भाषांची? ती मंत्रालयाच्या साच्यातच असते, मॅडम. सैन्यातल्या प्रत्येकाच्या पत्रकात असते. हुद्दा, नेमणुका, पदकं, भाषा. तुमच्या सेवेच्या कागदांतून त्यांनी उचलली असणार.”

“आणि आपण तपासली नाही.”

“असं कसं? मी स्वतः एकेक तारीख...” तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. “आपण तारखा पाहिल्या. गावं पाहिली.”

“मीही तेच पाहिलं,” बाई म्हणाल्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशातली गत. या खात्यात माणूस गावाचं नाव जिवापलीकडे जपतो. तारीख बदलतो, रस्ता बदलतो, चष्मा बदलतो. पण चार-पाच भाषा तर खात्यात सगळ्यांनाच येतात. माशाला पाणी दिसू नये तशा त्या कुणाला दिसल्याच नव्हत्या.

ही पाचवी भाषा पुस्तकातून शिकता येत नाही. तिचं पुस्तकच नाही. ती जगात फक्त एका खोऱ्यात बोलतात, आणि त्या खोऱ्यात एकच मोठं गाव आहे. त्या गावात शेजारच्या देशाच्या सैन्याचे हिवाळी कोट शिवले जातात. कोणत्या मापाचे किती कोट, कोणत्या तुकडीसाठी, कधी हवेत, हे शिवणाऱ्याला कळतं. आणि ते ज्याला कळलं त्याला सैन्य कुठे निघालं आहे हेही कळतं. बाईंना ते एका शिंपिणीने सांगितलं होतं. बाई तिच्याच घरात माडीवर भाड्याने राहत होत्या. त्या चार वर्षांत त्या गावात बाहेरची दुसरी बाई राहिलीच नव्हती. आज बाईंच्या फोटोवरून त्यांना कुणी ओळखलं नसतं. तेव्हा केस आखूड होते, अंग भरलेलं होतं. पण फोटोशेजारी या बोलीचं नाव छापलेलं पाहिल्यावर पलीकडच्या एखाद्या अधिकाऱ्याला जुनी कागदपत्रं काढायला किती वेळ लागणार? शिंपीण आता म्हातारी झाली होती. पण तिकडचा कायदा वय विचारत नव्हता.

“तिला बाहेर काढू या,” सहायक कुजबुजला.

“दोनदा विचारलं होतं. म्हणाली, माझे गुडघे डोंगर उतरत नाहीत, आणि तुमचं खातं मला पाठुंगळीला घेणार आहे का? आता ठरवलं तरी महिना लागेल.”

“मग प्रार्थना करा, की कुणी ती ओळच वाचू नये.”

“समितीत लोकरवाले आहेत,” बाई म्हणाल्या.

सहायकाने डोळे मिटले. लोकरवाले म्हणजे सीमेलगतच्या भागातून निवडून आलेले एक सभासद. तरुणपणी त्यांनी डोंगरातल्या खोऱ्याखोऱ्यांत फिरून लोकर विकत घेतली होती.

शिपायाने दार उघडलं.

दालन उंच होतं आणि दिवे इतके प्रखर होते, की पहिल्या क्षणी बाईंना समोरचे चेहरे दिसेनात. अर्धवर्तुळाकार मेजामागे सभासद बसले होते. मधोमध अध्यक्ष, कडेला कॅमेरे. वर प्रेक्षकांच्या सज्जात पहिल्याच रांगेत आई बसली होती, ठेवणीतली शाल पांघरून, आणि तिच्या शेजारी धाकटी बहीण. आईने इतकी वर्षं सगळ्यांना “माझी थोरली गोदामांच्या खात्यात आहे” असं सांगितलं होतं. “एवढी कसली गोदामं गं, की दिवाळखोर दुकानदारासारखी रात्री-बेरात्री पळतेस?” असं ती बाईंना विचारायची, आणि उत्तर मिळणार नाही हे माहीत असल्यामुळे स्वतःच हसायची. आज तिला लेकीचं खरं काम चारचौघांत ऐकायला मिळणार होतं.

पहिला तास बरा गेला. एका सभासदाने विचारलं, की तुमच्या पत्रकात एकही पदक कसं नाही?

“आमच्याकडे पदक देतात, दाखवतात आणि परत कपाटात ठेवतात,” बाई म्हणाल्या. दालनात हशा पिकला.

बाईंचं नाव मागे पडलं तर प्रमुखपद ज्यांच्याकडे जाणार होतं ते जनरल दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांच्या छातीवर नव्या पदकाला जागा उरली नव्हती. तेही हसले, पण जरा उशिरा.

मग लोकरवाल्यांची पाळी आली. मोठ्या पंजांचा, मोठ्या आवाजाचा तो माणूस पत्रक डोळ्यांपासून लांब धरून वाचत होता.

“बाई, माझा प्रश्न-बिश्न काही नाही. मला आनंद झालाय, तेवढा सांगतो. ही पाचवी भाषा! अहो, या शहरात मला ती बोलणारं कुत्रंसुद्धा भेटलं नाही इतक्या वर्षांत. कुठे शिकलात?”

बाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि एक घोट घेतला. मुख्यालयात शिकले, असं सांगता आलं असतं. पण मग शिकवलं कुणी, हा पुढचा प्रश्न तयारच होता. उत्तर द्यायला नकार देता आला असता; पण नकार म्हणजे तर दवंडीच. पलीकडे या घटकेला कुणीतरी हा कार्यक्रम पाहत होतं, आणि त्याला बाईंच्या तोंडून निघणाऱ्या एका गावाच्या नावाची वाट पाहायचीही गरज नव्हती. ही बोली बाईंना येते एवढं कळलं की पुरे होतं.

म्हणजे ती येता कामा नये.

“साहेब, मला ती भाषा येत नाही,” बाई म्हणाल्या.

लोकरवाल्यांनी पत्रक खाली ठेवलं. “इथे लिहिलंय की.”

“लिहिलंय. मीच फार पूर्वी कागदोपत्री लिहून दिलं होतं. बढतीच्या वेळी प्रत्येक भाषेचे गुण मिळतात. एक कमी पडत होती. या बोलीची परीक्षा घेणारा कुणी खात्यात नव्हता, म्हणून तिचं नाव घातलं.”

दालनात एकदम कुजबुज उठली. अध्यक्षांनी मेजावर हात आपटला. बाईंनी वर सज्जाकडे पाहिलं नाही.

“म्हणजे देशाची गुपितं ज्यांच्या हाती द्यायची,” अध्यक्ष सावकाश म्हणाले, “त्यांनी स्वतःच्या बढतीसाठी खोटं लिहिलं?”

“हो.”

“थांबा, थांबा.” लोकरवाले पुढे झुकले होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद गेला होता आणि त्या जागी सौदा करताना दिसते ती बारीक नजर आली होती. “अध्यक्ष महाराज, मला हे पटत नाही. खोटं बोलायचं तर माणूस सोपी भाषा निवडतो. ही कशाला निवडेल? मी जरा बघतो.”

आणि ते त्या बोलीत बोलले. पंचवीस वर्षांनी बाईंच्या कानावर ती पडली. “पाहुणा आलाय, दार उघड, पण आधी बकरी आत घे!” खोऱ्यात रोज सकाळी दारोदारी चालणारी ही थट्टा. तिला ठरलेलं उत्तर होतं: “बकरी आतच आहे, पाहुण्यालाच जागा नाही.” शिंपीण ते तोंडात टाचण्या धरून म्हणायची आणि तिचं तिलाच हसू यायचं. उत्तर बाईंच्या जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. लोकरवाले बोलू लागताना त्यांनी पाण्याचा आणखी एक घोट घेतला होता, तो अजून गिळला नव्हता. तो तसाच धरून ठेवला, मग गिळला.

“माफ करा, काय म्हणालात?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. थट्टा होती.” लोकरवाल्यांनी मान डोलावली. “आमच्या धंद्यात एक रीत आहे, अध्यक्ष महाराज. समोरचा माणूस भाषा येत नाही असं सोंग करतोय का, ते तोंडावर बघायचं नाही. तोंडाला सोंग येतं. हातांकडे बघायचं. बाई, हात जरा मेजावर ठेवता?”

“ही काय जादूची परीक्षा चालली आहे?” जनरल पुटपुटले. शिंकं तुटण्याची वाट पाहणाऱ्या बोक्याला आता घाई झाली होती.

बाईंनी दोन्ही हात मेजावर ठेवले, तळवे खाली. लोकरवाले बाजारभाव सांगावा तशा सपाट आवाजात, त्याच बोलीत बोलू लागले.

“त्या गावातली शिंप्यांची गल्ली गेल्या हिवाळ्यात जळाली. बाहेरून दारं लावली होती. म्हाताऱ्या बायका होत्या आत. एकही वाचली नाही.”

खोऱ्यातून शेवटची खबर शरद ऋतू संपताना आली होती. हिवाळ्यात रस्ते बंद असतात आणि ते नुकतेच उघडले होते, म्हणून नंतर काही आलं नव्हतं आणि त्याची कुणी काळजीही केली नव्हती. बाईंना माडीचा जिना दिसला, लाकडी, तिसरी पायरी ढिली. दार बाहेरून लावता येणारं होतं; कडी कुठे होती तेही आठवलं. हातांना उठायचं होतं. प्रशिक्षणात शिकवलं होतं तसं बाईंनी केलं: बोटांना आवरायला गेलं की बोटं ताठ होतात आणि पकडली जातात, म्हणून त्यांनी ती सोडून दिली आणि मन दुसरीकडे नेलं. समोरच्या पेल्यावर ओठांचा पुसट ठसा होता. त्या ठशाच्या कडा त्या पाहत राहिल्या.

मग त्यांनी लोकरवाल्यांकडे पाहिलं. शिक्षेची वाट बघणारा, चुकीत पकडला गेलेला माणूस पाहतो तसं पाहिलं. ते सोंग करायला फारसे कष्ट पडले नाहीत.

लोकरवाले बराच वेळ त्या हातांकडे बघत राहिले.

“नाही,” शेवटी ते म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले. “एक अक्षर येत नाही त्यांना.”

पुढचं लवकर उरकलं. अध्यक्षांनी बाईंना काही म्हणायचं आहे का विचारलं. बाई म्हणाल्या, की त्या स्वतःच नाव मागे घेतात. कॅमेरे त्यांच्या चेहऱ्यावरून हलून जनरलांकडे वळले.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात सहायकाने बाईंची बॅग घेतली. त्याचे डोळे लाल झाले होते. “मॅडम, निदान मंत्र्यांना तरी खरं...”

“कुणालाही नाही,” बाई म्हणाल्या. “मंत्र्यांना सांगितलं की त्यांच्या बायकोला कळतं, आणि तिला सांगितलं की वर्तमानपत्र घ्यायची गरज नाही. खोऱ्यातून काही खबर आहे का, तेवढं आत्ता बघ. गल्ली, आग, काहीही. पळ.”

तो गेला आणि लोकरवाले आले. एकटेच होते. बाईंसमोर उभे राहिले, आणि एवढा मोठा माणूस कुठे बघावं ते न कळल्यासारखा स्वतःच्या बुटांकडे बघू लागला.

“बाई, आत मी तुम्हाला फार वाईट काहीतरी बोललो. तुम्हाला कळलं नसेलच. पण माझ्या मनाला लागलंय, म्हणून सांगतो. ते खोटं होतं. मागच्या महिन्यात माझा भाचा तिकडे लोकर आणायला गेला होता. सगळं जिथल्या तिथे आहे. सगळे आहेत.”

भिंत बाईंच्या हाताशी होती. त्यांनी तिला हात लावला नाही.

“काय खोटं होतं, साहेब?” त्यांनी विचारलं.

लोकरवाल्यांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. आता ते हातांकडे बघत नव्हते.

“काही नाही,” ते म्हणाले. “म्हाताऱ्याची बडबड.” त्यांनी हात जोडले, जरा जास्तच वेळ, आणि निघून गेले.

जिन्यावरून आई उतरत होती. बहिणीने धरलेला हात तिने झिडकारला आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत खाली आली. दम खाऊन तिने लेकीकडे पाहिलं.

“शाळेत असताना मास्तरांनी चुकून एक गुण जास्त दिला होता, तर रडत परत करायला गेली होतीस,” ती म्हणाली. “आणि हे कधी शिकलीस?”

“आई, इथे नको ना,” बहीण म्हणाली. “ताईला आधी बसू तरी दे.”

“मी तिला विचारतेय.”

बाईंनी तोंड उघडलं. व्हरांडा जवळजवळ रिकामा होता. एक शिपाई दिवे मालवत पुढे चालला होता. एक वाक्य पुरलं असतं. पण आईला शेजारीपाजारी होते, बहिणीला मैत्रिणी होत्या, आणि लेकीचं नाव धुऊन निघावं म्हणून आईने ते वाक्य उद्या सकाळीच पहिल्या भेटणाऱ्या माणसाला सांगितलं असतं.

“नोकरीत शिकले,” बाई म्हणाल्या.

आईने शाल काढली, घडी घातली आणि हातावर टाकली. “चल घरी. जेवून घे. पण जेवताना माझ्याशी बोलू नकोस.”

ती पुढे चालू लागली. बाई दोन पावलं मागे राहून तिच्या चालीने चालल्या, तिला पायरी लागली तर धरता यावं एवढ्या अंतरावर.